माऊस सेल खातोय, की सेलच चुकीचा आहे?

वायरलेस माऊस मध्येच गचकला की बहुतेकांचा हात एकच काम करतो. झाकण काढायचं, सेल बोटाने जागच्या जागी दोन वेळा फिरवायचा, झाकण लावायचं. माऊस चालू. मग आठवडाभराने पुन्हा तेच.

फिरवल्याने माऊस सुरू झाला, यातच अर्धं निदान आहे. सेल पूर्ण संपला असता तर फिरवून काही झालं नसतं. फिरवताना सेलचं टोक आणि माऊसमधली धातूची पट्टी एकमेकांवर घासतात, वरचा गंजाचा पातळ थर खरवडला जातो आणि करंट पुन्हा वाहू लागतो. म्हणजे दोष बहुधा सेल आणि पट्टी टेकतात त्या जोडाचा आहे. तरी लोक नवा सेल आणतात, आणि नेमका तोही चुकीचा आणतात.

पानठेल्यावर किंवा किराणा दुकानात "घड्याळाचा सेल द्या" म्हटलं की मिळतो तो बहुधा झिंक-कार्बनचा. ओळखायची खूण सेलच्या अंगावरच छापलेली असते. डबल ए आकारात नुसतं आर 6 लिहिलं असेल तर झिंक-कार्बन, एलआर 6 असेल तर अल्कलाइन. ट्रिपल ए मध्ये तेच आर 03 आणि एलआर 03. "हेवी ड्यूटी" या शब्दांना भुलू नका, ते झिंक-कार्बनवरच छापतात. भिंतीवरच्या घड्याळाला तो उत्तम, कारण घड्याळ अगदी थेंबथेंब करंट घेतं. माऊसचं तसं नाही. सेन्सरचा दिवा आणि रेडिओ मिळून तो झटक्याझटक्याने करंट ओढतो. झिंक-कार्बनचा आतला रोध (करंटला होणारा अडथळा) आधीच जास्त, वापरासोबत तो आणखी वाढतो. झटका आला की व्होल्टेज खाली बसतं आणि माऊस बंद होतो. थोडा विसावला की व्होल्टेज पुन्हा वर येतं. "दहा मिनिटं ठेवला की आपोआप चालतो" ही तक्रार ऐकली की पहिला संशय आर 6 वरच घ्यावा.

व्होल्टेज-करंट मोजायचा मल्टिमीटर असेल तर अंदाजाची गरजच नाही. 20 व्होल्ट डीसीची रेंज लावा. नवा अल्कलाइन 1.5 ते 1.6 दाखवतो, अर्धा वापरलेला 1.3 च्या आसपास. पण नुसत्या सेलचं हे माप फसवं असतं. मीटर लावलेला ठेवून सेलच्या दोन्ही टोकांना 10 ओहमचा रेझिस्टर टेकवून धरा आणि पाच सेकंदांनी आकडा बघा. धडधाकट अल्कलाइन 0.1 व्होल्टच्या आतच खाली येतो. आकडा 1.1 च्या खाली घसरला तर तो सेल माऊसमधून काढून घड्याळात घाला, तिथे तो अजून काही महिने काढेल. टेबलावर आपटून उसळतो का बघायची पद्धत मात्र सोडा. अल्कलाइन सेल अर्धा वापरल्यावरच उसळायला लागतो.

चार्जेबल निकेल सेल 1.2 व्होल्टचे असतात. माऊस त्यांच्यावर छान चालतो, फक्त लो बॅटरीचा लाल दिवा लवकर लुकलुकतो, कारण तो दिवा अल्कलाइनच्या हिशेबाने लावलेला असतो.

आता जोड. एका सेलच्या माऊसमध्ये व्होल्टेज वर चढवणारं छोटं सर्किट असतं. सेल जितका उतरेल तितका जास्त करंट ते ओढतं, त्यामुळे खराब जोडाचा फटका सेल अर्ध्यावर आल्यावर बसतो. समजा गंजलेल्या स्प्रिंगचा रोध 5 ओहम आहे आणि झटका 50 मिलिअँपिअरचा. तिथेच 0.25 व्होल्ट गेले. सेल 1.25 चा, सर्किटला पोचले 1.0. इथेच माऊस मान टाकतो, आणि आपण निम्मा भरलेला सेल फेकून देतो.

झाकण उघडून टॉर्चच्या उजेडात बघा. पांढरी भुकटी दिसली तर बहुधा अल्कलाइन सेल गळला आहे. हातमोजे घाला, ते रसायन क्षारी असतं, कातडीला आणि डोळ्यांना चांगलं नाही. कापसाच्या काडीवर पांढऱ्या व्हिनेगरचे दोन थेंब घेऊन पुसा, किंचित फेस येईल. व्हिनेगर नसेल तर लिंबू चालतं. संत्र्याचा रस नको, आपलं नागपूर संत्र्यांचं असलं तरी. त्यातली साखर मागे चिकट राहते. मग कोरड्या काडीने पुसा, शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोलने. झिंक-कार्बन गळला असेल तर द्रव आम्लाकडे झुकणारा असतो, तिथे व्हिनेगर उपयोगाचं नाही. खाण्याच्या सोड्याची पातळ पेस्ट लावून पुसा. नंतर अर्धा तास पंख्याखाली वाळू द्या. कूलरसमोर नाही. उन्हाळाभर कूलरच्या दमट झोताजवळ पडलेल्या माऊसच्या पट्ट्या लवकर काळवंडतात, हे इथलं नेहमीचंच.

नुसता काळा थर असेल तर पेन्सिलचं खोडरबर पुरे. पॉलिश पेपर जोरात घासलात तर वरचा निकेलचा मुलामा जातो आणि खालचं लोखंड महिनाभरात गंजतं. स्प्रिंग चपटी झाली असेल तर चिमट्याने दोन-तीन मिलिमीटर बाहेर ओढा. फॉइलची घडी अडकवणं आजचा दिवस काढायला ठीक, पण ती घसरून दुसऱ्या पट्टीला टेकली तर शॉर्ट. आणखी एक: काही माऊसमध्ये उलटा सेल बसू नये म्हणून पॉझिटिव्हच्या बाजूला प्लास्टिकच्या दोन कडा असतात. ज्या सेलचं बोंडूक (पॉझिटिव्ह टोकाचा उंचवटा) आखूड किंवा रुंद, ते पट्टीपर्यंत पोचतच नाही. असा कोरा सेलही मेलेलाच वाटतो.

दोन सेल लागत असतील तर दोन्ही एकाच वेळी, एकाच प्रकारचे बदला. एक जुना एक नवा घातला की जुना आधी संपतो, नवा त्या संपलेल्या सेलमधूनही करंट रेटत राहतो, आणि गळतीचा धोका वाढतो.

जोड स्वच्छ, सेल एलआर 6, तरी आठ दिवसांत संपतो? हिशेब करा. डबल ए अल्कलाइनमध्ये साधारण 2500 मिलिअँपिअर-तास असतात. आठ दिवस म्हणजे 192 तास, म्हणजे सरासरी 13 मिलिअँपिअर, रात्रंदिवस. याचा अर्थ माऊस झोपतच नाही. सर्वात साधं कारण, खालचा स्विच बंद न करता बॅगेत टाकणं. गाडीवर खड्ड्यांतून जाताना तो दर धक्क्याला जागा होतो आणि रिसीव्हर (कॉम्प्युटरच्या यूएसबी पोर्टात लावायचा माऊसचा छोटा तुकडा) शोधत बसतो. दुसरं कारण, काळा किंवा चकचकीत पृष्ठभाग. सेन्सरला जास्त प्रकाश फेकावा लागतो. काचेच्या टेबलावर साधा कागद ठेवून बघा. सेन्सरचा दिवा डोळ्यांना दिसत नसेल तर मोबाइलच्या पुढच्या कॅमेऱ्यातून बघा, इन्फ्रारेड असेल तर बहुधा जांभळट ठिपका दिसतो.

खात्री हवी असेल तर पुठ्ठ्याच्या पट्टीला दोन्ही बाजूंनी फॉइल चिकटवा, दोन्ही फॉइल कडेला टेकू देऊ नका. ती सेल आणि स्प्रिंगच्या मध्ये सरकवा आणि 200 मिलिअँपिअरच्या रेंजवर मीटरच्या दोन पिना दोन फॉइलना लावा. माऊसला पंधरा मिनिटं हात लावू नका. आकडा एक मिलिअँपिअरच्या बराच खाली यायला हवा. नाही आला तर बोर्डात करंटची गळती आहे, आणि स्वस्त माऊसचा बोर्ड दुरुस्त करण्यापेक्षा बर्डीवर (सीताबर्डीच्या बाजारात) जाऊन नवा घेतलेला परवडतो. या रेंजवर मीटर थेट सेलवर लावू नका, फ्यूज जाईल.

काही वेळा सेलचा दोषच नसतो. कर्सर अडखळत असेल तर माऊस रिसीव्हरपासून वीतभर अंतरावर आणा. तिथे नीट चालला तर प्रश्न रेडिओचा आहे. यूएसबी 3 चा निळा पोर्ट आणि त्यातली हार्डडिस्क 2.4 गिगाहर्ट्झच्या आसपास गोंगाट करतात, आणि माऊसही तिथेच बोलतो. मीटरभर एक्स्टेंशन वायर लावून रिसीव्हर टेबलावर पुढे आणा.

माऊस काही मिनिटं न हलवता ठेवल्यावर मरत असेल आणि रिसीव्हर काढून लावल्यावरच उठत असेल, तर विंडोज पोर्टची वीज कापतंय. डिव्हाइस मॅनेजरमध्ये यूएसबी रूट हब, पॉवर मॅनेजमेंट, आणि वीज वाचवायला डिव्हाइस बंद करू देणारी टिक काढा. काही नव्या लॅपटॉपवर हा टॅबच नसतो, तिथे पॉवर ऑप्शन्समध्ये यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड शोधून बंद करा.

आत लिथियम बॅटरी असलेला माऊस चार्ज होत नसेल तर आधी वायर बदला, मग पोर्टमधला कापूस लाकडी टूथपिकने काढा. मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीच्या डिक्कीतून काढलेला माऊस लगेच चार्जिंगला लावू नका. लिथियम बॅटरीला साधारण 45 अंशांच्या वर चार्जिंग मानवत नाही, आणि इथे तर सावलीतच पारा कधीकधी तेवढा चढतो. वरचं कव्हर उचललं गेलं असेल किंवा क्लिक अचानक कडक झाली असेल, तर बॅटरी फुगली असावी. चार्जिंग थांबवा, दाबू नका, टोचू नका, माऊस कागद-कापडापासून दूर ठेवा आणि साध्या कचऱ्यात न टाकता ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या.