उद्याच्या कंपन्यांची भीती वाटते का?

व्याख्यान संपलं की कुणीतरी विचारतंच: "सर, जनुकं बदलणाऱ्या, नवे जीव घडवणाऱ्या कंपन्यांना पुढे रान मोकळं मिळालं तर काय होईल?" तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. मी रसायनशास्त्राचा शिक्षक, भविष्यवेत्ता नव्हे. पण असं जग एकदा होऊन गेलंय, शिसं मिसळलेल्या पेट्रोलचं, आणि चाळिशी ओलांडलेल्या आपण सगळ्यांनी त्याचा धूर छातीत घेतलाय.

1921 साली जनरल मोटर्सच्या प्रयोगशाळेत थॉमस मिजली यांना दिसलं की शिशाचं एक संयुग पेट्रोलमध्ये किंचित मिसळलं तरी इंजिनाचं नॉकिंग (इंधन अवेळी पेटून होणारी खडखड) थांबतं. अल्कोहोलनेही ते थांबत होतं आणि हे त्यांना माहीत होतं. पण अल्कोहोलवर पेटंट मिळणार नव्हतं. शिसं विषारी आहे हे जगाला कधीपासून ठाऊक. खुद्द मिजली 1923 मध्ये शिशाच्या बाधेमुळे रजेवर होते. माल बाजारात आला तो 'एथिल' या नावाने. नावात शिशाचा मागमूस नाही.

ऑक्टोबर 1924 मध्ये न्यू जर्सीत स्टँडर्ड ऑइलच्या कारखान्यात हे संयुग बनवणारे पाच कामगार दगावले. आधी भास, मग बेभानपणा. काहींना बांधून ठेवावं लागलं. त्यावर मिजलींनी काय करावं? पत्रकारांसमोर ते द्रव हातांवर ओतलं, बाटली नाकाशी धरून मिनिटभर हुंगली आणि यात धोका नाही म्हणाले. हे वाचताना मला आजही संताप येतो.

1925 मध्ये वॉशिंग्टनला या शिशाच्या पेट्रोलवर बैठक झाली. कारखान्यांतल्या विषबाधांच्या तज्ज्ञ डॉ. ॲलिस हॅमिल्टन यांनी ठाम विरोध केला. उद्योगाच्या बाजूने त्यांचे वैद्यकीय सल्लागार रॉबर्ट कीहो यांची भूमिका अशी की अपाय आधी सिद्ध करून दाखवा, तोवर विक्री चालू राहील. आणि अपाय शोधणार कोण? तर मुख्यतः कीहोंचीच प्रयोगशाळा, त्याच उद्योगाच्या पैशावर. चाळीसएक वर्षं हे असंच चाललं.

पृथ्वीचं वय मोजणारे अमेरिकी शास्त्रज्ञ क्लेअर पॅटरसन यांना नमुन्यांत जिकडेतिकडे शिसं सापडू लागलं, म्हणून ते त्याच्या मागे लागले. 1965 मध्ये त्यांनी स्पष्ट लिहिलं की हे प्रदूषण माणसाने केलंय. त्यांच्या संशोधनाची आर्थिक मदत आटली, आणि 1971 मध्ये हवेतल्या शिशावर नेमलेल्या राष्ट्रीय समितीत त्यांना घेतलंच नाही. भारतात सगळीकडे शिसेमुक्त पेट्रोल आलं ते 1 फेब्रुवारी 2000 पासून. जगात शेवटी, 2021 मध्ये, अल्जीरियाने शिशाचं पेट्रोल थांबवलं.

कंपनीने प्रयोग करावेत, त्याची मला भीती नाही. प्रयोग तिचा, तपासणी तिची आणि निकालही तिचाच, हे मात्र भयंकर आहे. बीटी वांग्याच्या (कीड मारणारं जनुक घातलेल्या वांग्याच्या) चाचण्यांचे आकडे आपल्याकडेही माहिती अधिकार आणि कोर्टकचेरी झाल्यावरच लोकांपुढे आले. मग बाहेरच्या शास्त्रज्ञांना ते तपासता आले, नागपूरसह सात शहरांत जनसुनावण्या झाल्या आणि फेब्रुवारी 2010 मध्ये सरकारने परवानगी रोखली. वांगं चांगलं की वाईट यावर मतं असोत. आकडे उघडे हवेत यावर दुमत कशाला?

जनुकांच्या बाबतीत तर घाई आणखी महाग पडेल. पेट्रोलमधलं शिसं बंद करता आलं; शेतात, नदीत सुटलेला जीव स्वतःच वाढत जातो. म्हणून माझी मागणी एवढीच: चाचणीचा खर्च कंपनीने भरावा, पण ती कोण करणार हे तिने ठरवू नये, आणि आकडे विक्रीच्या आधी सगळ्यांसाठी खुले असावेत.