चमचा, चमचे आणि नवा इयरफोन

सोमवार, रात्री उशिरा

जुन्या इयरफोनचा उजवा कान आज कायमचा गेला. पिनेजवळ वायर एका ठरावीक कोनात दाबून धरली की दोन-चार मिनिटं आवाज यायचा, तेवढ्यावर मी महिनाभर काम रेटलं. शेवटी नवा आणला. स्वस्तातला, वायरवालाच, कानाच्या आत बसणारा. ब्लूटूथचा मुद्दाम घेतला नाही. ज्यांना डोळ्यांनी वाचता येत नाही त्यांच्यासाठी मी पुस्तकं मोठ्यानं वाचून रेकॉर्ड करते, आणि वाचताना स्वतःचाच आवाज कानात जरा जरी उशिरा आला तरी जीभ अडखळते. ब्लूटूथवर तो उशिराच येतो.

खोक्यावर लिहिलंय: १० मिलिमीटरचा ड्रायव्हर (म्हणजे आवाज काढणारा भाग), १६ ओहमचा विद्युतरोध, २० ते २०,००० हर्ट्‌झ. शेवटचा आकडा म्हणजे सर्वांत खालच्या सुरापासून सर्वांत वरच्या सुरापर्यंतचा पट्टा, आणि त्यावर माझा भरवसा नाही. माणसाच्या कानाची म्हणून जी मर्यादा सांगतात तीच जवळपास प्रत्येक खोक्यावर छापलेली असते. त्या पट्ट्यात आवाज कुठे किती डेसिबल चढतो-उतरतो हे सांगितलं नसेल, तर त्यावरून काही म्हणजे काही कळत नाही.

मोठ्या उत्साहानं लावला आणि कालचं प्रकरण वाजवलं. फार वाईट वाटलं. आवाज पातळ, पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा. माझ्या आवाजात थोडा भरीवपणा आहे असं ऐकणारे सांगतात, त्याचा मागमूस नाही. वहीत लिहून ठेवलं: परत करायचा.

मंगळवार

कालचं लिहिलेलं खोडलं.

सकाळी ऐकता ऐकता सहज उजव्या इयरफोनवर बोट टेकवलं, आणि आवाज एकदम भरून आला. बोट काढलं, पुन्हा पातळ. पाच-सहा वेळा करून बघितलं. म्हणजे खोट इयरफोनमध्ये नव्हती, माझ्या कानात फट राहत होती. खालचे सूर ऐकू यायचे तर इयरफोनचा पडदा आणि कानाचा पडदा यांच्यामधली हवा कोंडलेली असावी लागते. केसाएवढी फट राहिली तरी तिथला दाब निसटतो आणि खर्ज नाहीसा होतो. वरच्या सुरांना तेवढी झळ लागत नाही, म्हणून उरतो तो पत्रा.

सोबत रबरी टोप्यांचे तीन जोड आहेत, लहान, मधला, मोठा. मधला आधीच चढवलेला होता. डाव्या कानाला तो बरोबर बसतो. उजव्याला मोठी टोपी लागते. माझे दोन कान दोन मापांचे आहेत हे इतक्या वर्षांत मला माहीतच नव्हतं! घालायची रीतही बदलली. दुसरा हात डोक्यावरून नेऊन कानाची वरची कड वर आणि मागे ओढायची, म्हणजे आतली वाट सरळ होते, मग टोपी हलकेच फिरवत आत न्यायची. आत जाताना किंचित करकर होते. हवेच्या दाबानं इयरफोनमधला पातळ पडदा वाकतो त्याचा तो आवाज. पहिल्यांदा दचकले, आता सवय झाली.

बुधवार

संध्याकाळी वाचन वाजवलं तर माझा आवाजच गायब. खोल विहिरीतून कुणी कुजबुजतंय एवढंच. इयरफोन बिघडला असं वाटून पोटात गोळा आला. मग पिनेकडे नीट पाहिलं. माइकवाल्या पिनेवर तीन काळ्या रेघा असतात, त्यांनी तिचे चार भाग होतात: डावा, उजवा, अर्थ (विजेच्या परतीची सामाईक वाट, इंग्रजीतला ‘earth’) आणि माइक. पीन पुरती आत गेली नाही की अर्थ सुटतो, आणि मग डाव्या-उजव्यात जो फरक असेल तेवढाच ऐकू येतो. गाण्यात अशा वेळी मधोमध असणारा गायक नाहीसा होतो आणि बाजूची वाद्यं राहतात. माझं वाचन दोन्हीकडे सारखंच, म्हणून सगळंच पुसलं गेलं.

रेकॉर्डर बंद करून त्याच्या भोकात लाकडी काडीनं अलगद कोरलं, तर खिशातल्या कापसाचा घट्ट गोळा निघाला. आता पीन टक करून बसते.

गुरुवार

आज खरी परीक्षा घेतली. गाणी लावून नाही, शब्द लावून. एका कागदावर लिहिलं आणि वाचून रेकॉर्ड केलं: चमचा, चमचे. चाक, चित्र. हे जग मोठं आहे. तू सुखानं जग.

आपल्या लिपीत च एकच, पण तोंडात दोन आहेत. ‘चमचा’मधला शेवटचा च दातांशी होतो, ‘चमचे’ म्हटलं की तो टाळूवर सरकतो. दातांजवळच्या च मधला फुत्कार बारीक आणि उंच असतो, टाळूचा त्याहून खालचा आणि पसरट. ‘जग’ची दोन रूपंही तशीच. वाचणाऱ्याची जीभ तिथे चुकली की वाक्य कानाला टोचतं, आणि डोळ्यांपुढे पान नसलेल्या माणसाला ते जास्तच टोचत असणार. जुन्या इयरफोनवर मला हे दोन्ही च जवळपास सारखे ऐकू यायचे. माझी जीभ आळशी झाली आहे असं मी धरून चालले होते. आज दोन्ही स्वच्छ वेगळे ऐकले. जीभ ठीक आहे. गेले कित्येक महिने मी उगाच तिच्यावर राग धरला.

पण त्याबरोबर ‘स’ही आला, टाचणीसारखा. ‘संशय’, ‘सशस्त्र’, ‘सोसाट्याचा’: प्रत्येक वेळी कानात टोचतो. हा दोष इयरफोनचा की माझ्या रेकॉर्डिंगचा? ते ठरवायला दुपार गेली. जुन्याचा डावा कान अजून चालतो, म्हणून दोन्ही आलटून-पालटून ऐकले. आधी नव्याचा आवाज थोडा कमी करून दोन्ही सारखे केले, कारण तेवढ्याच आवाजाला नवा मोठा वाजतो, आणि मोठं वाजणारं नेहमी चांगलंच वाटतं. मग दुसऱ्या कुणाचं उत्तम रेकॉर्ड झालेलं वाचन लावलं. त्यातही स जरा पुढे येतो, पण टोचत नाही. म्हणजे थोडा वाटा इयरफोनचा आणि मोठा वाटा माझा. मी माइक थेट तोंडासमोर ठेवते. तो ओठांच्या कडेला सरकवून तोच कागद पुन्हा वाचला, तर टाचणी जवळजवळ गेली. जे उरलं ते इयरफोनचं. वरच्या सुरांना तो थोडी अधिक धार देतो. कुठे आणि किती ते मला आता कळलंय, त्यामुळे काम करताना तेवढं वजा करून ऐकता येईल.

मग जुनी प्रकरणं काढली, आणि तिथे मन खट्टू झालं. शब्द सुरू होण्याआधी ओठ सुटल्याचा टिचकीसारखा आवाज. पान उलटताना खुर्चीची कुरकुर. तिसऱ्या प्रकरणात सलग दोन पानं मागे पंख्याची घरघर आहे, आणि ते प्रकरण ऐकणाऱ्यांपर्यंत कधीच पोहोचलंय. माझ्यापर्यंत ती घरघर आली नाही, त्यांच्यापर्यंत आली असेल. जे लक्ष देऊन ऐकतात त्यांनाच मी हे ऐकवलं, याचं फार वाईट वाटतंय.

शनिवार

आवाज कपाळाच्या बरोब्बर मध्ये यायला हवा, तो डावीकडे झुकतोय असं दोन दिवस वाटत होतं. आज इयरफोन उलटे घातले, डावा उजव्या कानात आणि उजवा डाव्यात. टोप्या मात्र त्या त्या कानाच्याच ठेवल्या. झुकाव उजवीकडे गेला असता तर इयरफोन दोषी ठरला असता. तो डावीकडेच राहिला. उजवी टोपी आणखी जरा आत सारली आणि आवाज मधोमध आला. पुन्हा तीच टोपी! या सहा दिवसांत जेवढे दोष मी इयरफोनच्या माथी मारले, त्यातले निम्मे त्या रबराच्या तुकड्याचे निघाले.

वायर कपड्यावर घासली की आत खरखर ऐकू येते. ती कानावरून मागे घेऊन सोडली की खूपच कमी होते. दोन्ही कान बंद करून वाचलं तर स्वतःचा आवाज डोक्यात घुमतो, हाडांतून आलेला आवाज बाहेर जायला वाट राहत नाही. म्हणून वाचताना एकच कान लावते, तपासताना दोन्ही. वायरवरचा माइक फोनवर बोलायला बरा आहे, रेकॉर्डिंगसाठी नाही.

एका गोष्टीचं समाधान आहे. टोपी नीट बसल्यामुळे बाहेरचा गोंगाट अडतो आणि आवाज पूर्वीपेक्षा बराच खाली ठेवून काम होतं. जागतिक आरोग्य संघटनेनं मोठ्यांसाठी आठवड्याला ८० डेसिबलवर ४० तास ही मर्यादा सांगितली आहे. मी दिवसाला चार-पाच तास ऐकते. कान हेच माझं हत्यार आहे, ते जपायलाच हवं.

रविवार

ठेवते आहे. परत करणार नाही.

काल रात्री गाणी ऐकली, तिथे तो कमी पडतो. तबल्यातल्या बायाचा, म्हणजे डग्ग्याचा, घुमारा हवा त्यापेक्षा मोठा येतो आणि गाणाऱ्याच्या आवाजाची खालची कड खाऊन टाकतो. चार वाद्यं एकत्र आली की गर्दी होते, कोण कुठे बसलंय ते कळत नाही. तंबोऱ्याची जवारी मात्र सुंदर, तार छेडल्यावर शेवटपर्यंत झिणझिणत राहते. फक्त संगीतासाठी कुणी विचारलं तर मी आणखी शोधायला सांगेन. बोललेला शब्द ऐकायचा असेल तर हाच घ्या म्हणेन.

खोक्याच्या झाकणावर पेनानं लिहून ठेवलं: उजवी मोठी, डावी मधली. उरलेल्या टोप्या आत. वायर बोटांभोवती आवळून गुंडाळायची नाही, सैल वेटोळं करायचं, पिनेजवळचं मोडणं तिथूनच सुरू होतं.

दुपारी पंखा बंद करून, माइक ओठांच्या कडेला ठेवून, तिसऱ्या प्रकरणातली ती दोन पानं पुन्हा वाचली. खोली इतकी गप्प होती की पहिल्या वाक्याआधीचा माझा श्वास ऐकू आला. तो राहू दिला. दुसऱ्या पानावर ‘चमचे’ आले, टाळूवर, जिथे यायला हवे तिथे.