निधनवार्तेची शेवटची ओळ

"घरात वंशावळ नाही, कुलवृत्तांत नाही, कागद म्हणावा तर सातबारा. जुन्या पेपरांतल्या निधनवार्तांवरून घराण्याचा माग लागतो का हो?" दापोलीपासून मालवणपर्यंतची माणसं मला हे विचारत असतात. लागतो. माझ्या आजीचं माहेर मला तसंच सापडलं. तुम्ही विचारलंत म्हणून ते कसं सापडलं तेच सांगते.

आजी गुहागर तालुक्यात नांदली, पण सोयरीक जुळली लालबागच्या चाळीत. आजोबा गिरणीत साचेखात्यात, म्हणजे कापड विणण्याच्या विभागात होते, तिचा भाऊही तिथेच. त्यामुळे आमच्या वाडीत तिच्या माहेरचं कुणालाच नीट ठाऊक नव्हतं. "खालच्या अंगाची", म्हणजे दक्षिणेकडची, एवढंच सगळे म्हणायचे. ती गेल्यावर तिच्या ट्रंकेत, पंचांगाच्या पानांत घडी घालून ठेवलेलं एक कात्रण निघालं. तिला वाचता येत नव्हतं, तरी तिने ते आयुष्यभर जपलं होतं.

कात्रण तिच्या भावाच्या निधनाचं होतं. "आषाढ वद्य पंचमीस अल्पशा आजाराने निधन. मूळ गाव शिरगाव, जि. रत्नागिरी." पेपराचं नाव नाही, वर्ष नाही, आणि कात्री नेमकी शेवटच्या ओळीवरून गेलेली.

असं कात्रण हाती आलं की आधी उलटं करून बघा. आमच्या कात्रणाच्या मागे पानशेतच्या पूरग्रस्तांसाठी मदतीचं आवाहन होतं. पानशेतचं धरण फुटलं 12 जुलै 1961 ला. त्या वर्षी ज्येष्ठ अधिक होता, म्हणून आषाढ वद्य पंचमी आली ती ऑगस्टच्या तोंडावर. कधी वर्ष शकात दिलेलं असतं. मग 78 मिळवायचे. जानेवारी ते पाडवा या काळातलं असेल तर 79.

वर्ष मिळालं, पण गाव चुकलं. मी आधी रत्नागिरीजवळच्या शिरगावला गेले, पुढच्या मे महिन्यात चिपळूण तालुक्यातल्या शिरगावला. दोन्हीकडे लोकांनी आपुलकीने ऐकून घेतलं, पण ओळख कुणालाच पटेना. सिंधुदुर्ग जिल्हा झाला 1 मे 1981 ला. त्याआधीच्या पेपरात "जि. रत्नागिरी" लिहिलेलं गाव आजच्या देवगड, मालवण, कणकवलीतलंही असू शकतं, हे मला उशिरा सुचलं.

शेवटी मुंबईतल्या एका वाचनालयात 1961 च्या बांधीव फाईली काढून घेतल्या. कागद इतका ठिसूळ झालेला की पान उलटताना कडेचे तुकडे हातात येत. झेरॉक्सचा आग्रह धरू नका. फाईल दाबली की शिवण सुटते. ग्रंथपालांना विचारून, पान खिडकीशी धरून मोबाईलवर फोटो घ्या. तिसऱ्या दिवशी ती निधनवार्ता अख्खी मिळाली, कापलेल्या ओळीसकट: "त्यांच्या पश्चात पत्नी, एक मुलगा, दोन विवाहित भगिनी व जावई श्री. जामसंडेकर असा परिवार आहे." जामसंडे देवगड तालुक्यात, आणि देवगडलाही एक शिरगाव आहे.

म्हणून मी सांगते, निधनवार्ता गेलेल्या माणसासाठी वाचू नका, मागे राहिलेल्यांसाठी वाचा. कर्तृत्वाच्या ओळी साधारण सारख्याच असतात, मनमिळाऊ स्वभाव, परोपकारी वृत्ती. आजाराचं कारणही साच्यातलं, त्यावर भिस्त ठेवू नये. वय बहुतेकदा अंदाजाचं. पण "पश्चात" या शब्दापुढे नाती येतात. जावयांच्या आडनावांवरून मुली कुठे दिल्या ते कळतं. "सौ." असेल तर त्या दिवशी नवरा हयात होता, "गं. भा." असेल तर नव्हता, एवढ्यावरून आजोबांच्या मृत्यूचं वर्ष दोन तारखांच्या मधे पकडता येतं. शोकाकुल म्हणून खाली गावच्या मुंबई मंडळाचं नाव असेल, तर वाडीसुद्धा सापडते.

मला सलतं ते बायकांचं. "अमुक यांच्या मातोश्रींचे निधन" अशी बातमी, मुलाचं नाव ठळक, आणि जी गेली तिचं नाव कुठेच नाही. तिचा शोध तिच्या नावाने घेऊच नये, भावांच्या, मुलांच्या, जावयांच्या नावाने घ्यावा. आणि कित्येक कुळवाडी, गाबीत, खारवी घरांत कुणाच्याच निधनाची वार्ता छापून आली नाही. पेपरापर्यंत जायला पैसा किंवा ओळखीचा वार्ताहर लागायचा. त्यांच्यासाठी तलाठ्याकडची वारस नोंद, फेरफार आणि शाळेचं दाखलखारीज रजिस्टर (मुलांच्या प्रवेशाची नि शाळा सोडल्याची नोंदवही) हेच खरे कागद.

चाकरमान्यांच्या निधनाची बातमी गावापेक्षा मुंबईच्या पेपरात मिळण्याचा संभव जास्त, तेव्हा नवाकाळसारखी जुनी दैनिकं आधी बघा. इकडे सावंतवाडीचं वैनतेय, अलिबागचा कृषीवल, चिपळूणचा सागर. साप्ताहिकात "गेल्या सोमवारी" म्हणजे कोणता सोमवार, हे अंकाच्या तारखेवरून मोजावं लागतं. निधनाची बातमी हुकली तर पुढल्या वर्षीचं पुण्यस्मरण शोधा. ते तिथीने येतं, म्हणजे तारखेच्या अकराएक दिवस आधी, आणि मधे अधिक मास पडला असेल तर अठरा-एकोणीस दिवस नंतर. आणि घरातली कात्रणं आजच उतरवून घ्या. खारा दमट वारा आणि वाळवी आहेच, पण 22 जुलै 2021 च्या पुरात चिपळूणच्या लोकांचे किती कागद एका दिवसात गेले ते आपण पाहिलंय.

देवगडच्या शिरगावात मी गेले तेव्हा भाताची लावणी चालू होती. एका पडवीत बसलेल्या म्हातारीला मी मोबाईलवरची ती बातमी वाचून दाखवली. तिने पुरती ऐकली आणि विचारलं, "म्हणजे तू तिची नात मां? आधी बस, पाणी पी." मग तिने आजीचं माहेरचं नाव घेतलं. आमच्या घरात ते कधी कुणी उच्चारलंच नव्हतं. बाबांनाही ठाऊक नव्हतं.

ते नाव आता वंशावळीत आजीच्या सासरच्या नावाआधी लिहिलंय. बातमीत "दोन विवाहित भगिनी" होत्या. दुसरीच्या चौकटीत अजून नुसतं "भगिनी" एवढंच आहे. म्हातारीच्या आठवणीप्रमाणे तिला विजयदुर्गाकडे दिली होती. पाऊस कमी झाला की तिकडे जाणार आहे.