डी२ची बर काही पडेना

माझ्या तीन सुऱ्यांच्या कडब्यावरच्या चाचणीत डी२ची (डाय, म्हणजे साचे, करायचं टूल-पोलाद) सुरी पुढं गेली, यात कुणाला नवल वाटायचं नाही. ज्वारीच्या वाळक्या धाटात सिलिका असते, ती धार खाते. गाडीच्या कमानपाट्याची ईएन४५ (स्प्रिंग-पोलाद) सुरी पेंढी संपायच्या आत बोथट, ईएन३१ची (बेअरिंग-पोलाद) बऱ्यापैकी, आणि डी२ शेवटपर्यंत कागद कापत होती. बाभळीच्या फांदीवर चित्र उलटं. पाट्याच्या धारेला काही नाही, डी२ला बारीक खाचा. १२ टक्के क्रोमियम आणि दीड टक्का कार्बन म्हटल्यावर कार्बाइडचे (दोघांच्या कठीण संयुगाचे) मोठाले खडे असणारच, तडा तिथूनच जातो.

पण डोकं खाल्लं ते डी२च्या बरेनं, म्हणजे धार लावताना काठावर उरणाऱ्या पातळ कडेनं. इकडून घासली की तिकडं वळते, तिकडून घासली की इकडं. चामड्यावर ओढून झालं, तरी चिकटलेलीच. सगळे म्हणतात दगड बदल, डायमंड प्लेट घे. मला पटेना. माझ्या दगडातलं अॅल्युमिनियम ऑक्साइड क्रोमियम कार्बाइडपेक्षा कठीणच आहे. त्याच दगडावर ईएन३१ची बर हलक्या हातानं निघते. एवढंच काय, जुन्या डी२ पंचाची केलेली माझी पटाशीही तिथंच सरळ साफ होते. म्हणजे पोलाद तेच, दगड तोच. फरक फक्त भट्टीचा.

सुरीचा हार्डनेस (कठीणपणा, रॉकवेल सी मापात) तपासून आणला तर ५७! २०० अंशांच्या टेंपरला (कडक केल्यावर पुन्हा तापवणं) ६०-६१ यायला हवा होता. वाळूजच्या हीट ट्रीटमेंटवाल्याला फोन लावला. "डायच्या लॉटमधीच टाकली होती की, १०७० अंशांना." झालं! एवढ्या तापमानाला कार्बन-क्रोमियम जास्त विरघळतं आणि थंड झाल्यावरही मऊ ऑस्टेनाइट (पोलादाची तापल्यावरची रचना) बरंच शिल्लक राहतं. डायला ते चालतं, कारण त्या पुढं ५२० अंशांवर दोनदा टेंपर होतात आणि त्यात ते मोडतं. माझ्या पात्याला मिळाले नुसते २००. मऊ ऑस्टेनाइट तुटत नाही, वाकतं. बर लोंबणारच.

मग डोक्यात किडा शिरला : द्रव नायट्रोजन! उणे १९६ अंशांच्या थंडीत उरलेलं ऑस्टेनाइट मोडेल, आणि म्हशींच्या कृत्रिम रेतनाचे कॅन गावोगाव फिरतात. डॉक्टरांना विचारायचं ठरवलंही होतं. पण हे लिहिता लिहिता लक्षात आलं, टेंपर होऊन इतके दिवस पडलेलं ऑस्टेनाइट थंडीला दाद देत नाही. ते क्वेंचनंतर (तापवून झटकन थंड केल्यावर) लगेच करायचं काम. म्हणजे नायट्रोजन पुढच्या पात्याला, तेही १०१०ला तापवून. या पात्याला ५२०चे दोन टेंपर घरच्या मफल भट्टीतच देतो.

जाता जाता : भंगारातलं प्रत्येक बेअरिंग ईएन३१ धरू नका. मोठ्या बेअरिंगांत केस-कार्बराइज्ड (फक्त वरचा थर कठीण केलेला) मालही निघतो, आत सगळा मऊ.

आता एपॉक्सीनं बसवलेली मूठ आधी उतरवायची आहे, नाहीतर ५२०ला तिचा कोळसा होईल. लाइट टिकली तर रविवारी भट्टी लावतो.