फुल गॅसवाल्यांसाठी थोडंसं

सध्या आमच्याकडे भाचा राहतोय, डोंबिवलीचा आहे पण इंजिनीअरिंगला ॲडमिशन इथे नाशिकला मिळाली. पोराला स्वयंपाकाची हौस आहे ही फार चांगली गोष्ट, पण त्याच्या गॅसला दोनच पोझिशन, फुल नाहीतर बंद. बटाटे उकडायला ठेवले की पाणी खदाखदा उकळतंय, झाकण थडथड उडतंय, अर्धं पाणी ओट्यावर, आणि हा म्हणणार "मामा, असू दे ना, लवकर होतील."

होत नाहीत. पाण्याला एकदा उकळी फुटली की त्याचं तापमान तिथेच अडकतं, खाली कितीही जाळ करा. समुद्रसपाटीला १०० डिग्री, आपलं नाशिक साधारण ६०० मीटर उंचीवर, त्यामुळे इथे जेमतेम ९८. (कळसूबाईवर, म्हणजे १६४६ मीटरला, ९५ सुद्धा नाही, तिथे चूल पेटवून बटाटे उकडायला बसलात तर बसाच.) मग जास्तीचा गॅस जातो कुठे तर वाफ करण्यात. एक लिटर पाणी नळाच्या तापमानापासून उकळीला आणायला जेवढी उष्णता लागते त्याच्या सात-आठ पट ते पूर्ण आटवायला लागते, म्हणजे उकळी आल्यानंतरचा फुल गॅस हा नुसता खिडकीच्या काचा ओल्या करायचा कार्यक्रम आहे. गॅस बारीक करा, झाकण ठेवा, बारीक बुडबुडे येत राहिले तरी बटाटा तेवढ्याच वेळात शिजतो, उलट सालं फुटून त्याचा लगदा होत नाही.

मोठा जाळ लागतो तेव्हा लागतोच, नाही म्हणत नाही. आधण आणायला लागतो, आधणात तांदूळ वैरले की पाणी थंडावतं तेव्हा परत उकळी येईपर्यंत लागतो, आणि जिथे आटवणं हेच काम आहे तिथे, म्हणजे पातळ झालेला रस्सा किंवा बासुंदी. बासुंदीला पसरट कढई घ्यायची ती पण यासाठीच, पृष्ठभाग जास्त म्हणून वाफ जास्त. फक्त दूध घट्ट होत आलं की तळाशी लागायला लागतं, तेव्हा कौतुक बाजूला ठेवून गॅस कमी करायचा आणि हलायचं नाही तिथून.

आता कुकर. कुकरात वाफ कोंडली जाते, आतला दाब बाहेरच्या दुपटीच्या आसपास जातो आणि म्हणून पाणी १२० डिग्रीपर्यंत तापू शकतं, सगळी जादू एवढीच. शिट्टी म्हणजे दाब ठरलेल्या मर्यादेला पोचला आणि जास्तीची वाफ बाहेर गेली. त्यामुळे फुल गॅसवर धडाधड शिट्ट्या झाल्या म्हणून आत काही जास्त गरम होत नाही. आणि हे जे सगळीकडे लिहितात ना, "चार शिट्ट्या करून घ्या", त्याचा मला खरंच राग येतो, कारण मोठ्या गॅसवर चार शिट्ट्या काही मिनिटांत होतात आणि बारीक गॅसवर पहिलीनंतर दुसरी कधी येईल सांगता येत नाही. चार शिट्ट्या म्हणजे नक्की किती वेळ? पहिली शिट्टी झाली की गॅस बारीक करा आणि घड्याळ बघा. तुरीच्या डाळीला दहा-बारा मिनिटं, भिजवली असेल तर त्याहून कमी. कुकर गच्च भरू नका, डाळीला फेस येतो आणि तो शिट्टीतून थेट टाइल्सवर, थेंबभर तेल टाकलं तर बराच आवरतो.

तरी डाळ बोटचेपी होत नसेल तर गॅसला दोष देऊ नका, चिंच-आमसूल-टोमॅटो आधी घातलंत का ते बघा. आंबट पाण्यात डाळ मऊ पडायला फार वेळ घेते, बटाट्याचं पण तसंच. बोअरच्या जड पाण्यातही तोच त्रास, सोसायटीत बोअर असेल तर डाळीपुरतं तरी प्यायचं पाणी वापरा.

या सगळ्याची दुसरी बाजू म्हणजे काळा मसाला. मिसळीच्या रश्शाला जो रंग लागतो तो पाण्यात कधीच येणार नाही, कारण कांदा-खोबरं खमंग व्हायला १४० च्या पुढे तापायला हवं आणि कढईत पाणी आहे तोवर तापमान शंभरच्या आसपासच घुटमळतं. म्हणून कांदा परतताना आधी बराच वेळ काहीच होत नाही असं वाटतं, त्याच्यातलं पाणी उडत असतं, आणि मग एकदम भराभर रंग धरतो. भाचा नेमका त्या आधीच्या टप्प्यात कंटाळून वाटीभर पाणी ओततो आणि मग विचारतो मामीसारखा रंग का नाही आला! तेलाला ती शंभरची मर्यादा नाही, ते दीडशे, दोनशे, जाईल तिथपर्यंत जातं, त्यामुळे फोडणीत ओला कढीपत्ता पडला की त्याच्यावरचं पाणी क्षणात वाफ होऊन तडतडतं, आणि हळद-तिखट थोडं थांबून टाकावं लागतं नाहीतर करपतंच. आणि रश्शावर लाल तर्री आली की वाफ फारशी दिसत नाही, थंड झाला असं वाटतं, पण तेलाचा थर वाफ अडवून धरतो आणि खाली सगळं कढत असतं. पहिला घोट जपून.

कढी मात्र या कुठल्याच हिशोबात बसत नाही. तिला खळखळून उकळी आली की ताकातलं प्रोटीन गोळा होतं आणि कढी फुटते. बेसन लावलं असेल तर ते बरंच सांभाळून घेतं, तरी सतत ढवळायचं आणि कडेने बुडबुडे दिसायला लागले की बंद. भाच्याला कढी आवडत नाही, त्यामुळे ती अजून माझ्याच ताब्यात आहे.