तुम्ही विचारलंत म्हणून: टाकीत पामोलिन का?

ऑडिटला येणारे विचारतात, इंटर्नशिपची मुलं विचारतात, गल्लीतला चहावाला तर येताजाता विचारतो. हीट ट्रीटमेंटच्या टाकीत, म्हणजे लालबुंद लोखंड बुडवून कडक करायच्या टाकीत, पामोलिन कशाला? आणि चांगलं असेल, तर एकाच टाकीत का, तिन्हींत का नाही? साकीनाक्याच्या आमच्या गल्लीत तेलाचे डबे उतरले की कुणीतरी हमखास म्हणतं, "काय शेठ, भजी कधी?" हसून हसून गाल दुखले माझे.

ऑडिटवाल्यांना मी 'सस्टेनेबल' असं उत्तर देतो, कारण त्यांच्या फॉर्मात तसा रकाना असतो. खरं कारण वेगळं आहे.

12 ऑक्टोबर 2020, सोमवार. सकाळी दहाच्या सुमारास अख्ख्या मुंबईची वीज गेली, लोकल जागच्या जागी उभ्या राहिल्या. त्या क्षणी आमच्या हॉइस्टला, म्हणजे माल उचलायच्या विजेच्या यंत्राला, ईएन-31 जातीच्या पोलादी पिनांची बास्केट लटकत होती. 830 अंशांच्या भट्टीतून नुकतीच निघालेली, मिनरल ऑइलच्या, म्हणजे खनिज तेलाच्या, टाकीत अर्धी उतरलेली. वीज गेली की हॉइस्टचा ब्रेक आपोआप बसतो. माल कुणाच्या डोक्यावर पडू नये म्हणूनच तो असतो. बसला. बास्केट अर्धी तेलात, अर्धी बाहेर.

पूर्ण बुडालेला जॉब, म्हणजे तापवलेला माल, तेल पेटवत नाही, कारण खाली हवाच नसते. अर्धा बुडालेला जॉब म्हणजे लालबुंद लोखंड ऐन तेलाच्या पातळीवर. आधी पांढरा धूर आला, मग फप्पकन ज्वाळा. दिवे गेलेले, एक्झॉस्ट पंखा बंद, त्यामुळे धूर जाईना आणि उजेड फक्त त्या आगीचा. ब्रेक हाताने सोडायचा खटका वर, गर्डरपाशी. मी पावडरचा सिलिंडर मारत होतो. विझल्यासारखं व्हायचं आणि त्या लाल पिनांवरून पुन्हा पेट घ्यायचं. मामा, आमचे सगळ्यांत जुने कारागीर, बाजूने शिडी लावून चढले. "दादा, तुम्ही बाजूला व्हा," एवढंच म्हणाले. खटका दाबला, बास्केट धपकन खाली गेली, तेल उसळलं, आम्ही झाकण ओढलं. मामांच्या उजव्या हाताची कातडी कोपरापर्यंत सोलवटली. रिक्षात ते मास्कमधून सारखं विचारत होते, पिना कडक झाल्या असतील ना?

त्यानंतर मी वाचत सुटलो. तेलाच्या वाफा ठिणगीने पेट घेतात ते तापमान म्हणजे फ्लॅश पॉइंट. माल बुडवायच्या मिनरल तेलाचा, म्हणजे क्वेंच ऑइलचा, तो साधारण 200 अंशांच्या आसपास, बहुतेक वनस्पती तेलांचा 300च्या वर. ठरलं. छोटी टाकी रिकामी केली, पामोलिन भरलं.

आता तुम्ही म्हणाल, आणि रात्री मीही म्हणतो: 830 अंशांच्या लोखंडापुढे 200 काय आणि 300 काय? बास्केट तशीच अडकली असती तर पामोलिननेही पेट घेतला असताच. खरा उपाय म्हणजे वीज गेल्यावरही शिडी न लावता बास्केट खाली सोडता येईल अशी सोय. ती मी केली. मग तेल कशाला बदललं? भीतीपोटी, असं म्हणा. पण ते एकदा टाकीत आल्यावर त्याने कामही बरं केलं, तेही मान्य करा. मिनरल तेलात जॉबभोवती आधी वाफेचं आवरण बसतं, ते फुटेपर्यंत थंडावा अडून राहतो आणि कुठे आधी, कुठे नंतर फुटतं. वनस्पती तेलात ते आवरण जवळपास बनतच नाही. बारीक पिनांना हे मानवतं.

मग तिन्ही टाक्यांत का नाही? कारण हे तेल म्हातारं लवकर होतं. गरम लोखंड आणि हवा यांनी त्याचं ऑक्सिडेशन होतं, ते घट्ट होत जातं, जॉबवर चिकट पिवळा थर चढतो. तो धुताना पोरं माझ्या नावाने काय बोलतात ते मला ऐकू येतं. पामोलिन त्यातल्या त्यात टिकतं, सोयाबीन तर त्याहून लवकर बिघडतं. शिवाय उंदीर. मिनरल तेलाच्या टाकीकडे मुंबईचा उंदीरही फिरकत नव्हता.

आणि भाव. 2022मध्ये युक्रेनचं युद्ध सुरू झालं, एप्रिलअखेर इंडोनेशियाने पामतेलाची निर्यात थांबवली, आणि साकीनाक्यात बसून मी जकार्ताच्या बातम्या वाचायला लागलो. बायकोने तेव्हा विचारलेला प्रश्न तुमच्यापैकी कुणीच विचारत नाही: लोकांना फोडणीला तेल परवडत नाही आणि तू ते लोखंडाला पाजतोस? देशाला लागणाऱ्या खाद्यतेलातलं निम्म्याहून जास्त बाहेरून येतं. मी म्हटलं, एका टाकीने काय होतं? ती म्हणाली, हेच तू मिनरल ऑइलबद्दल म्हणायचास.

म्हणायचो खरं.

करंजाचं तेल खाण्यातलं नाही, म्हणून त्याचा एक कॅन आणून ठेवलाय. वास उग्र आहे. मामा म्हणतात, आधी शेजारच्या गाळेवाल्याला विचारा.