नवरात्रीची तयारी, टप्पा २: ट्रिगर ठरला

संच: निकॉन डी५६००, कॅनन २००डी मार्क २, दोन गोडॉक्स टीटी६०० फ्लॅश, दोन स्टँड. मैदान बडोद्यातल्या गरब्याचं. ट्रिगर म्हणजे कॅमेऱ्यावर बसून दूरचे फ्लॅश उडवणारं यंत्र.

फ्लॅशमधली ऑप्टिकल स्लेव्हची सोय (दुसरा फ्लॅश चमकलेला दिसला की उडायची) पहिल्यांदा बाद. शेजारच्या कुणाचाही फ्लॅश उडाला की आपलेही उडतात, आणि ऐन गोल रंगात आला की ते चार्ज होत बसलेले. म्हणजे रेडिओवर चालणारा ट्रिगरच.

साधे, फक्त मधल्या पिनवर चालणारे ट्रिगर स्वस्त पडतात. पण २००डी मार्क २ च्या हॉट शूला (कॅमेऱ्यावरची फ्लॅश बसवायची खाच) मधली पिनच नाही, त्यावर ते मुके. म्हणून गोडॉक्सचे एक्स-प्रो ट्रिगर, दोन बॉड्यांना दोन: कॅननला सी, निकॉनला एन. समोरचे टीटी६०० दोघांचंही ऐकतात. डी५६०० वर हायस्पीड सिंक (खूप वेगवान शटरवर फ्लॅश चालवणं) मात्र मिळणार नाही. ती सोय बॉडीतच नाही, १/२०० सेकंदाला थांबायचं. रात्री १/६० पुरतं, त्यामुळे अडत नाही.

टीटीएलसाठी (फ्लॅशची ताकद कॅमेऱ्याने स्वतः ठरवायची सोय) जास्त पैसे घालवू नयेत, निदान गरब्याला तरी. चनियाचोळीवरचे आरसे प्रीफ्लॅश (मोजणीसाठी आधी उडणारी चमक) थेट परत फेकतात, कॅमेऱ्याला वाटतं उजेड भरपूर आहे, आणि चेहरा काळा. फ्लॅशची ताकद मॅन्युअल १/३२, आयएसओ १६००, एफ २.८ पासून सुरुवात करून ट्रिगरवरूनच ग्रुप ए आणि बी वरखाली करावेत.

रेडिओच्या चॅनल १ वर निम्मं मैदान असतं. चॅनल बदलावा, आयडीही (आपला ट्रिगर आणि फ्लॅश जुळवणारा क्रमांक) लावावा. पण आयडी ट्रिगरवर चालू आणि फ्लॅशवर बंद राहिला तर एकही फ्लॅश उडत नाही. दांडिया बाजारातल्या दहा बाय दहाच्या खोलीत चाचणी घेताना फ्लॅश कॅमेऱ्यापासून हातभरावर होता आणि मधूनच चुकत होता. बॅटरी नव्हे, जवळीक नडली: ट्रिगरच्या सी.एफएन. (कस्टम सेटिंग) मध्ये अंतर १-१०० मीटरवरून ०-३० वर आणलं, चुकणं थांबलं. मैदानात उलटा त्रास, २.४ गिगाहर्ट्झचा सिग्नल माणसांच्या गर्दीत शोषला जातो. फ्लॅश डोक्यांच्या वर, अडीच मीटरवर हवा.

राहिलेलं: स्टँडच्या पायांना वाळूच्या पिशव्या आणि एनआय-एमएच सेलचे दोन जादा संच.